लग्नाच्या कॅमेऱ्यात प्राध्यापक

"स्टेज किधर है? आणि दुल्हन कुठे बसणार?"

खांद्यावर कॅमेरा, काखेत वायरींचं भेंडोळं आणि हातात हॅलोजनचा भलामोठा दिवा अशा अवतारात हसमुखभाई आमच्या कॉलेजच्या हॉलच्या दारात उभे होते. मी म्हटलं, "हसमुखभाई, लग्न नाहीये. ट्रेनिंग आहे. प्रोफेसर लोकांचं."

"हां हां, ते माहीत हाय मला. पण कोणीतरी मेन माणूस असेल ना?"

"प्रत्येक जण पाच मिनिटं मेन."

त्यांनी हॉलभर नजर फिरवली. खुर्च्यांवर चार कॉलेजांचे प्राध्यापक बसले होते. निम्म्यांच्या हातात चहा, उरलेल्यांच्या हातात चकली. हसमुखभाई हताश होऊन म्हणाले, "एवढे सगळे दूल्हे?"

हा प्रकार शहाऐंशी-सत्याऐंशीच्या सुमाराचा. मी तेव्हा मुलुंडच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवत होते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या चार कॉलेजांच्या प्राचार्यांनी ठरवलं होतं की स्टाफसाठी एकत्र ट्रेनिंग घ्यायचं. एकेका कॉलेजाला असले कार्यक्रम परवडत नाहीत, माणसंही पुरेशी जमत नाहीत. चौघांनी मिळून केलं तर हॉल एकाचा, प्रोजेक्टर दुसऱ्याचा, जेवण तिसऱ्याचं आणि चौथ्याच्या शुभेच्छा, असं भागतं. हे जिथं ठरलं त्या मीटिंगला मी नव्हते. त्यामुळे कोऑर्डिनेटर म्हणून माझी एकमताने निवड झाली.

ट्रेनिंगचा मुख्य भाग होता मायक्रो-टीचिंग. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. एकानं उभं राहून पाच मिनिटांत एकच छोटा मुद्दा शिकवायचा. बाकीच्यांनी विद्यार्थी होऊन समोर बसायचं. मग काय जमलं, काय फसलं, ते शिकवणाऱ्याला मोकळेपणानं सांगायचं. त्याला म्हणायचं फीडबॅक.

अडचण या फीडबॅकमध्येच होती. कॉलेजात एक अलिखित रिवाज असतो. दुसऱ्याच्या वर्गात पाऊल टाकायचं नाही. खडू संपला म्हणून शेजारच्या वर्गात मागायला गेलात, तरी दारातूनच मागायचा. वीस-वीस वर्षं एका स्टाफरूममध्ये डबा खाल्लेल्या माणसांनी एकमेकांना शिकवताना कधी पाहिलेलं नसतं. आणि समजा पाहिलंच, तर खरं बोलणार कोण? हळदीकुंकवाला गेलेली बाई खिरापतीला नावं ठेवत नाही. आमचे प्राध्यापकही एकमेकांना "छान झालं" यापलीकडे काही म्हणणार नाहीत, याची मला पक्की खात्री होती.

म्हणून कॅमेरा. माणसं गोड बोलतील, कॅमेरा बोलणार नाही. आज शूट करायचं, उद्या सगळ्यांनी बसून टीव्हीवर बघायचं, आपापल्या चुका आपापल्या डोळ्यांनी बघायच्या, असा बेत होता. ज्या संस्थेचा कॅमेरा यायचा होता तिनं ऐनवेळी कळवलं की तो दुरुस्तीला गेलाय. मी हवालदिल. पण दिवाळीची सुट्टी होती, भाऊबीज झालेली, तुळशीचं लग्न अजून लागायचं होतं. तुळशीचं लागल्याशिवाय माणसांची लागत नाहीत. त्यामुळे लग्नाचं व्हिडिओ शूटिंग करणारे घाटकोपरचे हसमुखभाई दुकानात माश्या मारत बसले होते. माझ्या नणंदेच्या लग्नाची कॅसेट त्यांनीच केली होती. ते लगेच तयार झाले. इतकी लग्नं कोळून प्यायलेल्या माणसाला मी काय सांगणार, म्हणून मी त्यांना कॅमेरा कुणावर धरायचा ते सांगितलंच नाही.

आता निर्मलाबद्दल सांगायला हवं, कारण माझा जीव खरा तिच्यात अडकला होता.

निर्मला परब आमच्याच कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवायची. राहायला भांडुपला. मूळची मालवणकडची. टेम्पररी होती, म्हणजे रजेवर गेलेल्या बाईंच्या जागी तात्पुरती. आता त्या बाईंनी राजीनामा दिला होता आणि जागा कायमची भरायची होती. सुट्टी संपली की इंटरव्ह्यू. इंटरव्ह्यूला कमिटी बसते, पण कमिटी शेवटी प्राचार्यांच्या तोंडाकडे बघते. निर्मलाच्या वडिलांची गिरणी बंद पडली होती. धाकटे दोन भाऊ शिकत होते. घर तिच्या पगारावर चालायचं. जागा गेली असती तर पुन्हा ट्यूशन क्लास आणि दारोदार अर्ज.

आमचे प्राचार्य गुप्ते सर माणूस सरळ, पण मताचे पक्के. त्यांच्या मते चांगल्या शिक्षकाची खूण एकच. वर्गात पिन ड्रॉप सायलेन्स. ते स्वतः कॉरिडॉरमधून फेरी मारायचे आणि ज्या वर्गातून आवाज येईल त्या वर्गाच्या शिक्षकाच्या नावापुढे मनातल्या मनात फुली मारायचे. निर्मलाच्या वर्गातून कायम आवाज यायचा. शिवाय तिचा स्वतःचा आवाज बारीक. दिवाळीआधी सर मला म्हणाले होते, "मुलगी हुशार आहे, कर्णिक मॅडम. पण कमांड नाही. तुमच्या ट्रेनिंगमध्ये बघतो तिला. मग ठरवतो."

हे मी निर्मलाला सांगितलं. लपवण्यात काय अर्थ होता? ती म्हणाली, "म्हणजे माझा इंटरव्ह्यू तुमच्या हॉलमध्येच आहे, असंच ना?"

"तसंच समज."

"वाट लागली, मॅडम."

पहिल्या दिवशी जेवणानंतर मायक्रो-टीचिंग सुरू झालं. जेवण म्हणजे पुरीभाजी आणि वर प्रत्येकानं घरून आणलेला फराळ. करंज्या, चिवडा, कुणाच्या तरी आईचे बेसनाचे लाडू. हे वेळापत्रक मी आखलं होतं, आणि ते माझ्या हुशारीचं लक्षण नव्हतं.

सुरुवात धारप सरांची. हे घाटकोपरच्या कॉलेजात इकॉनॉमिक्स शिकवायचे. त्यांचा खर्जातला आवाज चार कॉलेजांत प्रसिद्ध होता. माइकची गरज नाही. हात मागे बांधून ते येरझाऱ्या घालत बोलायला लागले की खिडक्यांच्या काचा हलतील असं वाटायचं. मागणी आणि पुरवठा हा विषय. पाच मिनिटं झाली, मी शिपायाकडून मागून आणलेली पितळी घंटा वाजवली. सर थांबले नाहीत. मी पुन्हा वाजवली.

"मॅडम, घंटा प्यूनसाठी असते. मी मुद्दा पुरा करतो."

त्यांनी तो पुरा केला, शिवाय शेजारचे दोन मुद्देही पुरे केले. हॉलमध्ये कुणी हूं की चूं करत नव्हतं. गुप्ते सरांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. डोळ्यांनीच म्हणाले, ही कमांड. फीडबॅकमध्ये सगळे म्हणाले, "छान झालं, सर."

मग आणखी काही जण झाले. मग मी. साबण मळ कसा काढतो, हे मी शिकवलं. मलाही सगळे म्हणाले, छान झालं. चहाच्या आधी शेवटचं नाव निर्मलाचं होतं.

ती पुढे आली ती स्टीलचा एक डबा घेऊन. डब्यात फुटाणे. साडीचा पदर सारखा करत ती इतकं हळू बोलली की मागून कुणीतरी ओरडलं, "ऐकू येत नाहीये!" ती लाल झाली. आवाज मात्र तिला वाढवता आला नाही. शेवटी मागच्या रांगेतले लोकच खुर्च्या उचलून पुढे सरकले.

ती म्हणाली, "आमच्या गावात देवळामागे तळं आहे. त्यात मासे किती, हे सांगायचंय. तळं उपसायचं नाही. कसं सांगाल?"

कुणी म्हणालं, देवाला विचारा. हशा झाला.

"हा डबा म्हणजे तळं. फुटाणे म्हणजे मासे." तिनं मोजून वीस फुटाणे काढले आणि त्यांच्या जागी वीस शेंगदाणे टाकले. "मी वीस मासे पकडले, त्यांना खूण केली आणि परत सोडले. शेंगदाणा म्हणजे खूण केलेला मासा." डबा खळखळ हलवला. मग तो धारप सरांसमोर धरला. "सर, डोळे मिटून वीस काढा."

सरांनी काढले. त्यात दोन शेंगदाणे निघाले.

"म्हणजे पकडलेल्या दहांत एक खुणेचा. तळ्यातही साधारण दहांत एकच खुणेचा असणार. खुणेचे एकूण वीस आहेत. तर आता सांगा, तळ्यात मासे किती आसत?"

ते मालवणी 'आसत' तिच्या तोंडून निसटलं. हॉलमध्ये पुन्हा हशा. तिनं जीभ चावली. पण या वेळी ती थांबली नाही. पुन्हा विचारलं, "किती?"

"दोनशे!" चार-पाच आवाज एकदम आले.

"हट्! एका मुठीवरून कसं सांगणार?" कॉमर्सचे एक गृहस्थ उठून पुढे आले. "मी काढतो." सरांचे दाणे परत डब्यात टाकून त्यांनी वीस काढले, त्यात तीन शेंगदाणे. म्हणजे हिशेब एकशे तेहतिसाचा. झालं. दोनशेवाले आणि एकशे तेहतीसवाले यांच्यात जुंपली. कुणी म्हणालं, डबा नीट हलवला नाही. कुणी म्हणालं, शेंगदाणा मोठा असतो, बोटांना आधी लागतो. निर्मलाला तर तेच हवं होतं. ती तिच्या त्या बारीक आवाजात म्हणाली, "बरोबर! खूण अशी हवी की जाळ्याला ती कळता कामा नये. आणि एकदाच जाळं टाकून भागत नाही. पुन्हा पुन्हा टाकायचं, मग सरासरी." लोक रांग लावून मुठी काढायला लागले. ती फळ्यावर आकडे मांडत गेली आणि शेवटी लिहिलं, दोनशेच्या आसपास. तोंड फळ्याकडे, पाठ लोकांकडे, हॉलमध्ये मासळीबाजार. मी घंटा वाजवली, ती कुणाला ऐकूच गेली नाही. शेवटी "चहा आला" असं ओरडावं लागलं.

संध्याकाळी गुप्ते सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"पाहिलंत ना? स्टाफ असून ही अवस्था. मुलं काय करतील? खुर्च्या हलवतायत, ओरडतायत. ती मालवणीत बोलते काय, पाठ फिरवून उभी राहते काय. नाही, मॅडम. मी शिफारस करणार नाही."

"सर, ते ओरडत होते ते गणितावरून."

"कशावरूनही असो."

माझा पारा चढला होता. पण प्राचार्यांशी भांडून त्यांचं मत बदललेलं मी पाहिलेलं नव्हतं. मी म्हटलं, "उद्या टेप बघायची आहेच. ती बघून मग ठरवा. शांतपणे बघितलं की वेगळं दिसतं."

"बघू. पण फरक पडणार नाही."

रात्रभर माझी सगळी भिस्त त्या टेपवर होती. टेपमध्ये निर्मला नीट दिसेल, तिचा चेहरा दिसेल, ती किती रंगून शिकवत होती ते दिसेल, असं मी स्वतःला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी हॉलमध्ये टीव्ही आणि व्हीसीआर लावला. पडदे ओढले. पहिल्या रांगेत गुप्ते सर, शेजारी धारप सर. निर्मला पार मागे, दाराजवळ. हसमुखभाईंनी कॅसेट घातली.

आधी गणपती आला. मागे सनई. मग मोगऱ्याच्या फुलांची चौकट आणि त्यात कॉलेजचं नाव. सगळे हसले. हसमुखभाई अभिमानानं म्हणाले, "टायटल फ्री हाय."

मग धारप सर दिसले. जेमतेम दोन वाक्यांपुरते. त्यानंतर कॅमेरा वळला आणि समोर बसलेल्या लोकांवर स्थिरावला, तो तिथंच राहिला. आवाज धारप सरांचा चालू. चित्र मात्र आमचं. एकेका चेहऱ्यावरून कॅमेरा सावकाश सरकत होता, पंगतीतून सरकतो तसा.

मी टीव्हीपाशी उभ्या हसमुखभाईंकडे जाऊन कुजबुजले, "हसमुखभाई, सर कुठेत?"

"दाखवला ना, सुरुवातीला."

"अहो, पण शिकवणाऱ्याला शूट करायचं होतं! तुम्ही ऐकणाऱ्यांना केलंत!"

"मॅडम," ते मलाच समजावायला लागले, "दुल्हा-दुल्हनला दहा मिनिट. बाकी टाइम गेस्ट. एक गेस्ट सुटला ना, तर पूर्ण खानदान दुकानावर येते भांडायला. टेप बघते कोण? ज्याचा फोटो त्यात हाय तो बघते. आपली लाइन अशीच चालते."

"सगळ्यांचं असंच केलंय?"

"एकदम सेम टू सेम. कोणाला नाराज नाय केला."

म्हणजे निर्मलाचंही गेलं. एका साध्या सूचनेचा आळस मला नडला होता, आणि त्याची किंमत त्या पोरीला मोजावी लागणार होती. मला रडूच यायचं बाकी होतं.

इकडे पडद्यावर मागणी आणि पुरवठा गरजत होता. आणि समोरचे लोक काय करत होते? पहिल्या रांगेतल्या बाईंची मान छातीवर आली होती. त्यांच्या मागचे गृहस्थ कागदावर मन लावून गुलाबाचं फूल काढत होते. एक जण रुमालाआड लाडू खात होता. लायब्ररियन डोळे उघडे ठेवून झोपले होते. ही कला मी तोवर पाहिली नव्हती. पिन पडली असती तरी ऐकू आली असती, पण ऐकायला जागं कोण होतं?

हॉलमध्ये सुरुवातीला हशा झाला, मग एकदम चिडीचूप. सगळे चोरून धारप सरांकडे बघायला लागले. गुप्ते सर खुर्चीत चुळबुळ करून म्हणाले, "कर्णिक मॅडम, हे काय आहे? यात शिकवणारा कुठंय? बंद करा ते. उगीच वेळ जातोय."

मी बटणाकडे हात नेला. तेवढ्यात धारप सर बोलले. त्यांचा तो खर्जातला आवाज पहिल्यांदाच हळू निघाला होता.

"राहू दे, मॅडम. इतकी वर्षं मला वाटत होतं, ही शांतता माझ्या शिकवण्यामुळे आहे." मग म्हणाले, "होती माझ्यामुळेच. आता पुढे जाऊ द्या. माझ्या वेळी झोपले, बाकीच्यांच्या वेळी काय दिवे लावले ते तरी बघू."

हॉल मनापासून हसला. धारप सरांबद्दल मला त्या क्षणी जो आदर वाटला, तो त्यांच्या कुठल्याही व्याख्यानानं वाटला नव्हता.

पुढे गेलो. एकेक जण उघडा पडत गेला. माझ्या साबणाच्या वेळी दोन मैत्रिणी एकमेकींच्या साडीचा काठ बोटांनी चाचपत होत्या आणि गुप्ते सर घड्याळाला चावी देत होते. मला राग यायला हवा होता, पण साडी खरंच सुंदर होती.

मग निर्मलाचा बारीक आवाज आला. पडद्यावर तिचा हात आणि डबा, बस. कॅमेरा वळला.

समोर सगळे जागे होते. मघाच्या मान टाकलेल्या बाई खुर्चीच्या टोकावर आल्या होत्या. गुलाब काढणाऱ्यानं त्याच कागदावर भागाकार मांडला होता. लायब्ररियन शेजाऱ्याच्या मुठीतले दाणे मोजत होते. तोंडं उघडी, माना पुढे, कुणी हातवारे करतंय, कुणी डोकं खाजवतंय. शिकवणारी कुठेच दिसत नव्हती, पण सगळ्यांच्या चेहऱ्यांवर तीच होती. आणि त्या गर्दीत, दुसऱ्या रांगेच्या कडेला, आमचे गुप्ते सर होते. शेजाऱ्याच्या खिशातली पेन्सिल न विचारता काढून ते कार्यक्रमपत्रिकेच्या मागे काहीतरी लिहीत होते. त्यांनी लिहिलेलं खोडलं. पुन्हा लिहिलं. मग "एकशे तेहतीस शक्यच नाही!" असा एक आवाज आला. तो कुणाचा, हे आम्हा सगळ्यांना ओळखू आलं.

कुणी हसलं नाही. हसायची सोय नव्हती, प्राचार्य होते. सगळे पडद्याकडे बघत राहिले.

टेपमध्ये चहाची हाक ऐकू आली. लोक उठून गेले. हॉल रिकामा झाला. मला वाटलं, संपली. पण हसमुखभाई कानाशी म्हणाले, "थांबा. शेवटची पंगत आपण सोडत नाय."

दिवा बंद केल्यामुळे चित्र काळपट होतं. आमच्याकडे तेव्हा समज असा, की दिवा विझला म्हणजे कॅमेरा विझला. रिकाम्या हॉलमध्ये टेबलावर निर्मलाचा डबा होता. एक माणूस इकडेतिकडे बघत टेबलाजवळ आला. खिशातून रुमाल काढला. टेबलावर पसरला. डबा हळूच त्यावर उपडा केला. मग बोटानं एकेक फुटाणा बाजूला सारत दहा-दहांच्या ढिगल्या करायला लागला. मधेच एखादा तोंडात टाकत होता. पुन्हा दाराकडे बघत होता. पुन्हा मोजत होता.

गुप्ते सर.

आता मात्र हॉल फुटला. माणसं खुर्च्यांवर लोळायला लागली. धारप सर डोळे पुसत होते. मला हसू आवरत नव्हतं आणि भीतीही वाटत होती. सर संतापून उठून गेले असते तर तिथंच सगळं संपलं असतं. मी मागे बघितलं. निर्मला दाराची कडी धरून उभी होती. हसत नव्हती.

गुप्ते सर उठले. व्हीसीआरपाशी जाऊन त्यांनी स्वतःच तो बंद केला. ते आमच्याकडे वळले. कान लाल झाले होते.

"एकशे सत्याऐंशी," ते म्हणाले. "दोनशेच्या आसपास म्हणाली होती. बरोबर आहे."

धारप सरांना राहवलं नाही.

"आणि तुम्ही खाल्लेत ते, गुप्ते?"

"ते मोजले नाहीत," सर म्हणाले.

त्यानंतर किती वेळ कोण हसत होतं ते मला सांगता येणार नाही. गुप्ते सरही हसले. त्यांना हसताना मी त्याआधी फारतर गॅदरिंगला पाहिलं असेल. हसणं ओसरल्यावर त्यांनी दाराकडे बघून हाक मारली, "मिस परब, तुमचा डबा रिकामा केला मी. सुट्टी संपल्यावर भरून आणा. सेकंड इयरच्या वर्गात मला बसायचंय, मागच्या बाकावर. चालेल ना?"

ती म्हणाली, "चालेल, सर. पण मागे ऐकू येत नाही. पुढे बसा."

इंटरव्ह्यू झाला. कमिटीनं नेहमीप्रमाणे प्राचार्यांच्या तोंडाकडे बघितलं, आणि निर्मलाची जागा कायम झाली. ती बातमी द्यायला भांडुपला तिच्या घरी मी स्वतः गेले. तिच्या वडिलांनी दोनदा विचारलं, "कायम म्हणजे कायमच ना?" मी दोनदा सांगितलं, कायम म्हणजे कायमच. तिच्या आईनं मला कुळथाची पिठी आणि भात खाल्ल्याशिवाय उठू दिलं नाही.

ते एकत्र ट्रेनिंग पुढेही काही वर्षं चाललं. दुसऱ्या वर्षी खरा, संस्थेचा कॅमेरा मिळत होता, कॅमेरामनसकट. धारप सरांनी मीटिंगमध्ये स्पष्ट विरोध केला. म्हणाले, मला हसमुखभाईच हवेत. माझं तोंड मी रोज आरशात बघतो, मला समोरच्यांचं बघायचंय. हसमुखभाई आले. त्या वर्षी ट्रेनिंग तुळशीच्या लग्नानंतर आल्यानं त्यांनी सीझनचा रेट लावला.

धारप सर मुद्दा संपला की थांबायला लागले. गुप्ते सरांच्या कॉरिडॉरमधल्या फेऱ्या थांबल्या नाहीत, पण ज्या वर्गातून आवाज यायचा तिथं ते आता क्षणभर उभे राहून कशाचा आवाज आहे ते ऐकायचे. माझ्या साबणाचं काय झालं? मी तो धडा फेकून दिला आणि वर्गात खरकटी ताटली न्यायला लागले.

निवृत्त होईपर्यंत ट्रेनिंगमध्ये मी नव्या शिक्षकांना फारसं काही शिकवू शकले नाही. एवढंच सांगायची. वर्गात गोंधळ झाला तर घाबरू नका, आधी कशावरून चाललाय ते बघा. आणि फारच शांतता पसरली, तर बोलणं थांबवून कोण कोण जागं आहे ते मोजा.